केबल निघाली तरी वाद्यं पुन्हा आपोआप जुळावीत : रास्पबेरी पायवर मिडीची पक्की जोडणी

एप्रिलमध्ये आमच्या परभणीकडच्या गायन पार्ट्यांना उसंत नसते. भीमजयंतीचे कार्यक्रम १४ तारखेला सुरू होतात आणि गावोगाव महिनाअखेरपर्यंत चालतात. मी अशाच एका पार्टीसोबत फिरतो. गात नाही, वाजवतही नाही, वायरी सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी एका गावात तिसऱ्या गाण्याला ऑक्टोपॅडवाल्याचा पाय यूएसबीच्या वायरीत अडकला आणि ती निघाली. पोरगं चलाख, दोन सेकंदांत त्यानं ती परत खोचली. पॅडवरचा दिवा लागला, पण आवाज आला नाही तो नाहीच. मी टेबलाखाली बसून मोबाइलच्या उजेडात डबा बंद-चालू करेपर्यंत गायकानं नुसत्या ढोलकीवर दोन गाणी ओढून नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून निभावलं.

त्या डब्यात रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक होता. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड त्याला जोडायचे, फ्लुइडसिंथ नावाचं सॉफ्टवेअर त्यातून आवाज काढणार, असा सगळा बेत. हा खटाटोप कशासाठी, तर हवी तशी हलगी आणि हवी तशी ढोलकी तयार वाद्यात मिळत नाही. आपणच ध्वनिमुद्रित करून साउंडफाँट (सॉफ्टवेअर ज्यातून आवाज घेतं ती फाइल) बनवला की पॅडवर आपल्या गावची हलगी वाजते. बेत चांगला होता, जोडणी कच्ची होती. ती पक्की कशी केली ते इथे सांगतो.

आधी लिहिण्याची रीत ठरवून घेऊ. पुतण्याला फोनवरून सांगतो तशाच आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजी. मोठी लिपी (कॅपिटल अक्षरं) जिथे लागते तिथे मी सांगेन, बाकी सगळं लहान लिपीत. आडवी रेघ, कोलन, अवतरणचिन्हं ही जशी दिसतात तशीच. एकच इशारा : ‘एकनेक्ट’ ही जोडणीची आज्ञा वाचून कुणी ‘एक’ पासून सुरुवात करू नका. ते ‘ए’ आणि ‘कनेक्ट’ असं, मधे जागा न सोडता जोडून आहे. पुतण्यानं ती चूक अर्धा तास केली होती.

दिवा लागतो, आवाज का येत नाही?

मिडी हा वाद्यांनी एकमेकांशी बोलायचा करार १९८३ सालचा. त्या वर्षी अमेरिकेतल्या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीनं जोडून दाखवले गेले. ती वायर पाच पिनांची, गोल तोंडाची. सेकंदाला ३१,२५० बिट, तेही एकाच दिशेनं. तिच्यातून आवाज जात नाही. ‘अमुक सूर दाबला, इतक्या जोरानं’ आणि ‘सोडला’ एवढेच निरोप जातात. ह्या जुन्या वायरीचा एक गुण आज जास्त कळतो : तिला ओळखपाळख लागत नाही. काढा, पुन्हा खोचा, पुढचा निरोप लगेच पोचतो.

यूएसबीचं तसं नाही. वायर खोचली की वाद्य संगणकाला आपलं नावगाव नव्यानं सांगतं आणि संगणक त्याची नव्यानं नोंद करतो. पायवर चालणाऱ्या लिनक्समध्ये ही नोंद अल्सा नावाच्या व्यवस्थेतला सीक्वेन्सर ठेवतो. जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारखा तो समजा. प्रत्येक वाद्याला आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला एक क्रमांक, आणि कोणाची वायर कोणाला जोडायची हे बाहेरून कुणीतरी सांगायचं.

हे क्रमांक कसे पडतात ते कळलं की निम्मं काम झालं. शून्य क्रमांक खुद्द व्यवस्थेचा. १४ वर ‘मिडी थ्रू’ नावाचा आडमार्ग असतो. खऱ्या वाद्यांची सुरुवात १६ पासून, आणि प्रत्येक साउंड कार्डाला चार-चार क्रमांक राखून ठेवलेले असतात. म्हणून शून्य क्रमांकाच्या कार्डाला १६, पहिल्याला २०, दुसऱ्याला २४, तिसऱ्याला २८. इथे अल्साच्या हिशेबी यूएसबीचा कीबोर्ड किंवा ऑक्टोपॅड हेही कार्डच. फ्लुइडसिंथसारखी सॉफ्टवेअर १२८ पासून पुढे.

आता कार्डाचा क्रमांक कशावर ठरतो? जो आधी आला त्यावर. आज कीबोर्ड आधी जागा झाला तर तो २०, ऑक्टोपॅड २४. उद्या जनरेटर चालू झाल्यावर ऑक्टोपॅड आधी जागा झाला की उलट. माझ्या जुन्या डब्यात मी ‘२० ला १२८ शी जोड’ असं लिहून ठेवलं होतं आणि ते फक्त डबा सुरू होताना एकदाच चालायचं. त्यात दोन चुका होत्या. एक तर क्रमांकावर भरवसा. दुसरी त्याहून मोठी : वाद्य गेलं की त्याच्यासोबत त्याची जोडणीही पुसली जाते. वाद्य परत आलं, अगदी तोच क्रमांक मिळाला, तरी जोडणी परत येत नाही. म्हणून दिवा लागला आणि आवाज आला नाही.

त्यामुळे दोन गोष्टी करायच्या : नावानं जोडायचं, आणि नवं कुणी आलं की दर वेळी जोडायचं.

सामान

रास्पबेरी पाय ४, दोन जीबीचा, भरपूर झाला. ज्या साउंडफाँटनं सुरुवात करणार आहोत तो दीडशे एमबीच्या आसपास आहे, मेमरीत सहज मावतो. पाय ५ घेतलात तर त्याला हेडफोनचं छिद्रच नाही. पाय ४ ला आहे, पण त्यातून येणारा आवाज कार्यक्रमाच्या लायकीचा नाही. दोन्हीकडे यूएसबीचं साउंड कार्ड घ्याच. झीरो २ डब्ल्यू स्वस्त आहे, पण त्याला एकच छोटं यूएसबी तोंड, त्यावर ओटीजी, त्यावर हब, अशी उतरंड रचावी लागते. सरावाला ठीक, स्टेजवर नको.

विजेबाबत कंजुषी करू नका. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा चार्जर चालतोय असं वाटतं, चालत नाही. शिवाय पायच्या चारही यूएसबी तोंडांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. वाद्यं स्वतःच्या अडॅप्टरवर असतील तर अडचण नाही. छोटा कीबोर्ड पायकडूनच वीज घेत असेल तर वेगळ्या विजेचा हब लावा. वीज पुरते का हे बघायची आज्ञा :

व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड

उत्तरात ‘शून्य एक्स शून्य’ आलं की सगळं ठीक. दुसरं काहीही आलं तर कधीतरी वीज कमी पडली होती किंवा डबा तापला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात मांडवात दुपारी ४२-४३ अंश सहज असतात. ८० अंशांपुढे पाय आपला वेग कमी करतो आणि आवाज तुटायला लागतो. ॲल्युमिनियमची खोळ घ्या आणि डबा ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. साउंडवाले तो हमखास तिथेच ठेवतात.

मेमरी कार्डावर रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती चढवा. स्क्रीन, माउस, चित्रं काहीच लागत नाही. इमेजर (कार्ड तयार करायचं सॉफ्टवेअर) वापरताना वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच (दुरून टर्मिनल वापरायची सोय) तिथेच भरून घेतलं की पुढचं सगळं लॅपटॉपवरून किंवा मोबाइलवरून होतं. मग :

सुडो एपीटी इन्स्टॉल अल्सा-युटिल्स फ्लुइडसिंथ फ्लुइड-साउंडफाँट-जीएम

कोण कोण आलंय ते बघा

दोन्ही वाद्यं जोडा, चालू करा आणि विचारा :

एकनेक्ट -एल

यादी येईल. प्रत्येक वाद्याचा क्रमांक, अवतरणचिन्हांत नाव, कंसात तो कितव्या कार्डावर आहे ते, आणि खाली त्याची पोर्टं, म्हणजे जोडणीची तोंडं. ‘सीक्वेन्सर उघडता येत नाही’ अशी तक्रार आली तर ‘सुडो मोडप्रोब एसएनडी-सीक’ म्हणा आणि पुन्हा विचारा.

नावं वहीत जशीच्या तशी उतरवून घ्या, मोठी-लहान लिपी आणि मधली जागा यांसकट. पूर्ण नाव लागत नाही, सुरुवातीचा भाग पुरतो. हे फार कामाचं आहे, कारण फ्लुइडसिंथ आपल्या नावापुढे कंसात दर वेळी वेगळा आकडा लावतो. ‘फ्लुइड सिंथ’ एवढंच लिहिलं की पुढचा आकडा काहीही असो, तो सापडतो. त्यातला ‘फ्लुइड’ पूर्ण मोठ्या लिपीत आणि ‘सिंथ’चं पहिलं अक्षर मोठं. तुमच्या वाद्याच्या नावात टिंब किंवा कोलन असेल तर त्याच्या आधीपर्यंतचंच नाव वापरा. एकनेक्टला टिंब आणि कोलन म्हणजे पुढे पोर्टचा आकडा आहे असं वाटतं.

जुन्या कीबोर्डाला यूएसबी नसेल तर पाच पिनांची यूएसबी-मिडी केबल घेतली असेल. स्वस्तातली केबल यादीत बऱ्याचदा ‘सीएच३४५’ अशा नावानं दिसते. साध्या सुरांना ती चालते. तिच्या एका टोकावर ‘इन’ आणि एकावर ‘आउट’ लिहिलेलं असतं. बऱ्याच केबलींत ‘इन’ लिहिलेलं टोक कीबोर्डच्या ‘आउट’मध्ये जातं. आवाज आला नाही तर आधी ही अदलाबदल करून बघा, मग सॉफ्टवेअरला दोष द्या.

आणि ह्या केबलीचा मी आता मुद्दाम फायदा घेतो. यूएसबीचं टोक डब्याच्या आत, झिप-टायनं बांधलेलं. बाहेर स्टेजवर फक्त पाच पिनांचं टोक. कुणाच्या पायात आलीच तर निघते ती गोल पिन, आणि गोल पिन परत खोचली की काहीही न करता चालू होते. ज्या ऑक्टोपॅडला दोन्ही तोंडं आहेत तिथेही मी यूएसबी सोडून गोल पिनच वापरतो. पुढे सांगतोय ते सगळं केल्यावरही ही सवय सोडलेली नाही.

फ्लुइडसिंथ कायमचा जागा ठेवायचा

साउंड कार्डाचाही क्रमांक वाद्यांसारखाच बदलतो, म्हणून त्यालाही नावानंच हाक मारायची. ‘एप्ले -एल’ म्हटलं की कार्डांची यादी येते. स्वस्त यूएसबी कार्डाचं नाव बहुधा नुसतं ‘डिव्हाइस’ असतं, पहिलं अक्षर मोठं.

मग /ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम ह्या फोल्डरात ‘सिंथ.सर्व्हिस’ नावाची फाइल नॅनो ह्या संपादकानं उघडा. तिचे तीन भाग. पहिला चौकटी कंसात ‘युनिट’, त्याखाली :

आफ्टर=साउंड.टार्गेट

दुसरा ‘सर्व्हिस’, त्याखाली :

युजर=तुमचं वापरकर्तानाव
एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/बिन/फ्लुइडसिंथ -आयएस -ए अल्सा -एम अल्सा_सीक -ओ ऑडिओ.अल्सा.डिव्हाइस=एचडब्ल्यू:डिव्हाइस -आर ४८००० -झेड १२८ -सी ३ -जी ०.६ /यूएसआर/शेअर/साउंड्स/एसएफ२/फ्लुइडआर३_जीएम.एसएफ२
रिस्टार्ट=ऑलवेज
रिस्टार्टसेक=२

तिसरा ‘इन्स्टॉल’ :

वाँटेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट

चौकटी कंसातल्या आणि डावीकडच्या शब्दांत प्रत्येक मूळ शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, म्हणजे ‘एक्झेकस्टार्ट’मध्ये ई आणि एस. साउंडफाँटच्या नावात एफ, आर, जी आणि एम मोठे. एक्झेकस्टार्टची ओळ मोबाइलवर मोडलेली दिसेल, टाइप करताना सलग एकच ओळ.

ह्यातल्या झेड आणि सी वर ठेका अवलंबून आहे. १२८ नमुन्यांचे ३ तुकडे, सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे पॅडवर काठी पडल्यापासून आवाजापर्यंत साधारण ८ मिलिसेकंदांचा उशीर ह्या भागात होतो. झेड २५६ केलं तर १६. आमच्या पोराला ८ कळत नाहीत, १६ ला तो म्हणतो, “काका, पॅड जड झालंय.” आवाजात कटकट ऐकू आली तर झेड २५६ वर न्या. नाही आली तर ६४ करून बघायला हरकत नाही. जी म्हणजे आवाजाची पातळी. ती इथे कमीच ठेवा, मिक्सरवर वाढवा.

सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड
सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ सिंथ

आता एकनेक्ट -एल च्या यादीत फ्लुइड सिंथ दिसायला हवा. दोनदा दिसला तर दुसरीकडून कुठूनतरी आणखी एक सुरू झालाय. तो शोधून बंद करा, नाहीतर साउंड कार्डावर दोघांची भांडणं होतील.

हातानं एकदा जोडून बघू :

एकनेक्ट "तुमच्या कीबोर्डचं नाव" "फ्लुइड सिंथ"

पियानो वाजला? मग पुढे. ऑक्टोपॅडही तसाच जोडा. पॅडवरून ढोल येण्याऐवजी पियानोचे तुटक सूर आले तर पॅडचा मिडी चॅनल बघा. जनरल मिडीच्या करारात तालवाद्यांचा चॅनल १० असतो. त्यात ३६ वर किक, ३८ वर स्नेअर, ४२ वर मिटलेली हाय-हॅट. स्वतःची हलगी घालायची तेव्हा पॉलिफोन नावाच्या मोफत संपादकात तालवाद्यांचा संच १२८ क्रमांकाच्या बँकेत ठेवायचा. तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

जोड्यांची यादी

बरेच जण इथे ‘जे दिसेल ते सगळ्यांना जोड’ अशी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) लावतात. मला ते पटत नाही. कीबोर्ड ऑक्टोपॅडला, ऑक्टोपॅड कीबोर्डला, आणि दोघांपैकी एखादं आलेला निरोप पुढे ढकलणारं असेल तर एक सूर दोघांमध्ये गोल गोल फिरत राहतो. मांडवात तो प्रकार एकदा ऐकला की पुन्हा कुणी ‘सगळ्यांना सगळं’ म्हणत नाही. कोण कोणाला जोडलं जाईल हे माणसानं ठरवावं आणि लिहून ठेवावं.

म्हणून /ईटीसी मध्ये ‘जोड्या.टीएक्सटी’ अशी फाइल करा, नाव रोमनमध्ये काहीही द्या. एका ओळीत एक जोडी : आधी कोणाकडून, मग उभी रेघ, मग कोणाला. उभ्या रेघेच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही, अवतरणचिन्हंही नाहीत. शेवटच्या ओळीनंतरही एंटर दाबा, नाहीतर ती ओळ वाचलीच जात नाही.

ऑक्टोपॅडचं नाव|फ्लुइड सिंथ
कीबोर्डचं नाव|फ्लुइड सिंथ

आता मुख्य काम. अल्साच्या शून्य क्रमांकाच्या घरात एक नंबरचं पोर्ट हे दवंडीचं आहे. कुणी आलं, कुणी गेलं, कोण कोणाला जोडलं गेलं, सगळं तिथे पुकारलं जातं. ही दवंडी ऐकणारी आज्ञा अल्सा-युटिल्समध्ये आयती आहे : एसेकडंप. स्पेलिंग ए, एस, ई, क्यू आणि पुढे डंप. एकदा नुसती चालवून बघा :

एसेकडंप -पी ०:१

आणि ऑक्टोपॅडची यूएसबी काढून घाला. ‘पोर्ट एक्झिट’, ‘पोर्ट स्टार्ट’ अशा ओळी पडताना दिसतील. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि घरात मी एकटाच हसत होतो.

ह्याच दवंडीवर आपली स्क्रिप्ट उभी राहते. /यूएसआर/लोकल/बिन मध्ये ‘मिडीजोड’ नावाची फाइल :

#!/बिन/बॅश
जोड() {
  एको "सीसी ० १२० ०" > /डेव्ह/टीसीपी/१२७.०.०.१/९८००
  व्हाइल आयएफएस='|' रीड -आर ए बी; डू
    एकनेक्ट "$ए" "$बी"
  डन < /ईटीसी/जोड्या.टीएक्सटी
}
जोड
एसेकडंप -पी ०:१ | ग्रेप --लाइन-बफर्ड -ई "पोर्ट (स्टार्ट|एक्झिट)" | व्हाइल रीड -आर ओळ; डू
  स्लीप १
  जोड
डन

आयएफएस पूर्ण मोठ्या लिपीत. ग्रेपपुढचा ई मोठा, आणि ‘पोर्ट’चा पहिला पी मोठा, कारण एसेकडंप तो तसाच छापतो. ‘जोड’ आणि ‘ओळ’ ही माझी नावं, तुम्ही रोमनमध्ये हवी ती द्या. पण वर-खाली सारखीच.

ह्यातल्या तीन गोष्टींवर माझे तीन रविवार गेले.

पहिली, ग्रेपची गाळणी. सुरुवातीला मी दवंडीच्या प्रत्येक ओळीला ‘जोड’ चालवत होतो. पण एकनेक्ट स्वतः चालतो तेव्हा तोही क्षणभर एक्स्चेंजमध्ये येऊन जातो, आणि त्याच्या येण्याजाण्याचीही दवंडी पिटली जाते. ती ऐकून पुन्हा जोड, त्याची पुन्हा दवंडी. पायचा पंखा विमानासारखा ओरडायला लागला तेव्हा कळलं. एकनेक्ट स्वतःचं पोर्ट उघडत नाही, म्हणून फक्त ‘पोर्ट’ आल्या-गेल्याच्या ओळी ऐकल्या की हे चक्र तुटतं.

दुसरी, ‘लाइन-बफर्ड’. हा शब्द नसेल तर ग्रेपचं उत्तर पडद्यावर न जाता पुढच्या आज्ञेकडे जातंय म्हणून ग्रेप ओळी साठवत बसतो आणि हजारो अक्षरं भरल्याशिवाय पुढे सोडत नाही. हातानं तपासताना सगळं चालतं, स्क्रिप्टमध्ये काहीच होत नाही, आणि माणूस वेडा होतो.

तिसरी, ‘सीसी’ची ओळ. कीबोर्डवर सूर दाबलेला असताना वायर निघाली तर ‘सोडला’ हा निरोप पोचतच नाही आणि तो सूर तंबोऱ्यासारखा चालू राहतो. मिडीत ह्यासाठी ‘मी अजून आहे’ असं सतत कळवत राहण्याची सोय आहे, पण सगळी वाद्यं ती पाळत नाहीत. म्हणून कुणी आलं-गेलं की आपणच फ्लुइडसिंथला १२० नंबरचा निरोप देतो : आहे तो आवाज बंद. एक्झेकस्टार्टमधल्या ‘-आयएस’मुळे तो ९८०० ह्या दारावर आपलं ऐकत असतो. इथे चॅनल शून्यापासून मोजतात, म्हणून कीबोर्डचा चॅनल १ म्हणजे शून्य. तुमचा कीबोर्ड चॅनल २ वर असेल तर तिथे १ लिहा. एक किंमत मोजावी लागते : ऑक्टोपॅड परत आला तरी कीबोर्डचा दाबलेला सूर तुटतो, तो पुन्हा दाबावा लागतो. आम्ही ते चालवून घेतो.

‘आधीच जोडलेलं आहे’ अशा तक्रारी एकनेक्ट करत राहील, त्याकडे लक्ष देऊ नका. फाइल चालण्याजोगी करा :

सुडो सीएचमोड +एक्स /यूएसआर/लोकल/बिन/मिडीजोड

मग सिंथसारखीच ‘मिडीजोड.सर्व्हिस’ बनवा. एक्झेकस्टार्टमध्ये फक्त ह्या फाइलचा पत्ता, आणि आफ्टर मध्ये साउंड.टार्गेट च्या पुढे जागा सोडून सिंथ.सर्व्हिस. रिस्टार्ट, युजर, वाँटेडबाय तसंच. पुन्हा डीमन-रीलोड, एनेबल --नाऊ.

आडवाटा

तुमच्याकडे फक्त फ्लुइडसिंथ आहे आणि जे जोडलं जाईल ते सगळं त्यालाच जायचं आहे, असं असेल तर एवढा पसारा नको. फ्लुइडसिंथच्या आज्ञेत ‘-ओ मिडी.ऑटोकनेक्ट=१’ घाला, तो येणाऱ्या वाद्याला स्वतःच पकडतो. भजनी मंडळाच्या एका कीबोर्डाला मी हेच लावून दिलंय. आमच्याकडे ऑक्टोपॅडचे निरोप दुसऱ्या एका लाइटच्या डब्यालाही जातात, म्हणून यादी हवी. स्क्रिप्टचा कंटाळा असेल तर ‘एमिडीमाइंडर’ (सगळं जोडून) नावाची तयार सेवा आहे. तिच्यातही नियमांची फाइल असते, उभ्या रेघेऐवजी बाण काढायचा.

एकसारख्या नावाच्या दोन केबली असतील तर नावाचा उपाय लंगडा पडतो, पहिली सापडेल तीच जोडली जाते. सरळ मार्ग म्हणजे दुसरी केबल वेगळ्या कंपनीची घ्या. दोनशे-तीनशे रुपये वाचवायला यूदेव ह्या लिनक्सच्या व्यवस्थेचे नियम लिहीत बसण्यात अर्थ नाही.

वीज गेली तर

लोडशेडिंग, जनरेटरचा डिझेल-घोटाळा, आणि कार्यक्रम संपल्या संपल्या साउंडवाल्यानं ओढलेला मुख्य प्लग. आमच्या डब्याला रीतसर बंद होण्याचं भाग्य क्वचित लाभतं. लिहिणं चालू असताना वीज गेली की मेमरी कार्डावरच्या फाइली बिघडतात. त्यावर ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’मध्ये, परफॉर्मन्सच्या खाली, ओव्हरले फाइल सिस्टम चालू करायची सोय आहे. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, सगळं मेमरीत होतं आणि वीज गेली की पुसलं जातं. डबा दर वेळी कालच्यासारखाच उठतो.

पण हे अगदी शेवटी करा, आणि त्याआधी चाचणी घ्या. सगळं जोडून पूर्ण बंद असलेला डबा सुरू करा. मोबाइलवर ‘जर्नलसीटीएल -यू मिडीजोड -एफ’ लावून ठेवा, स्क्रिप्ट काय करतेय ते दिसेल. एकाला कीबोर्डवर सूर धरून बसवा आणि वाजत असतानाच यूएसबी ओढा, दहा मोजा, परत घाला. मग दोन्ही वाद्यं काढा आणि उलट्या क्रमानं घाला. मग दुसऱ्या तोंडात घाला. मग डब्याची वीजच काढा. साउंड कार्डही एकदा ओढून बघा. ते गेल्यावर फ्लुइडसिंथ मरतो की नुसता मुका होतो हे कार्डावर अवलंबून असतं. मुका होत असेल तर ‘सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट सिंथ’ ही आज्ञा मोबाइलवर एका बोटावर तयार ठेवा.

ओव्हरले चालू केल्यावर जोड्यांच्या यादीत बदल केला तर तो त्या रात्रीपुरताच टिकतो. मी नवा कीबोर्ड आल्यावर नाव बदललं, तालमीत सगळं मस्त वाजलं, आणि दुसऱ्या दिवशी सेलूजवळच्या एका गावात डबा जुन्या कीबोर्डची वाट बघत बसला. तेव्हापासून डब्याच्या झाकणावर मार्करनं लिहून ठेवलंय : ‘आधी ओव्हरले बंद, रीबूट, मग बदल, मग ओव्हरले चालू, रीबूट.’ त्याखाली पुतण्यानं त्याच्या अक्षरात भर घातलीय : ‘ए आणि कनेक्ट जोडून.’